तीन सुती की दहा एमएम? जुन्या ट्रकच्या ब्रेक नटाचे आटे ओळखताना

जुना ट्रक नीट करायला घेतला की इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी यांवर महिनोन्महिने चर्चा चालते. काम अडतं मात्र बोटाच्या पेराएवढ्या एका नटापाशी. ब्रेकचा पाइप गंजलेला असतो, नवा वळवून घ्यायचा असतो, पाइप मिळतोही. पण त्याच्या टोकाला कुठला नट घालायचा हे छातीठोकपणे सांगणारा माणूस सापडत नाही. दुकानदार विचारतो, "गाडी कुठली?" आपण म्हणतो, "फार्गो आहे." तो डब्यातले तीन-चार नट काउंटरवर ओततो आणि म्हणतो, "लावून बघा, बसेल तो न्या."

ब्रेकच्या बाबतीत याहून घातक सल्ला नाही. कारण चुकीचा नटसुद्धा बसतो. नुसता बसत नाही, आवळला जातो, पहिले काही दिवस गळतही नाही. आणि मग एखाद्या उतारावर पुढचं कुत्रं वाचवायला पाय जोरात पडतो, तेव्हा तो सुटतो.

नट "बसतो का" ही परीक्षाच नव्हे. नट कुठला आहे हे मोजून ठरवावं लागतं, आणि त्यासाठी चार गोष्टी बघाव्या लागतात: बाहेरचा व्यास (ब्रेकच्या नटाला आटे बाहेरच्या अंगाला असतात), आट्यांमधलं अंतर, आट्याचा कोन आणि पाइपच्या तोंडाचा आकार. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक जण बघतात. शेवटची गोष्ट फारसं कुणी बघत नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

हे सगळं हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकच्या ट्रकबद्दल आहे. शेव्हर्लेने ट्रकना हायड्रॉलिक ब्रेक १९३६ मध्ये दिले, फोर्डने १९३९ मध्ये. त्याआधीच्या गाड्यांत सळ्या आणि केबली असतात. तिथे गळायला काही नाही. फक्त थांबायचं असेल तर आदल्या वळणापासून बेत करावा लागतो.

आपल्याकडे घोळ एवढा का

युरोपात किंवा अमेरिकेत जुना ट्रक दुरुस्त करणाऱ्याला बहुधा एकाच पद्धतीच्या आट्यांशी झुंजावं लागतं. आपल्याकडे तीन देशांचे आटे एकाच रस्त्यावर धावले. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली आणि १९५४ मध्ये ते काम बंद केलं. या मधल्या काळात तिथून शेव्हर्लेचे ट्रक बाहेर पडले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, फार्गो आणि डीसोटो निघाले. नावं तीन, ट्रक जवळजवळ एकच. महायुद्ध संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेले फोर्ड आणि शेव्हर्ले गावोगावी गेले, त्यांतले बरेच कॅनडात बनलेले. हे सगळे अमेरिकन आट्यांचे. बेडफर्ड, कॉमर, आल्बियन हे ब्रिटिश. आणि १९५४ मध्ये जमशेदपूरला टाटा–मर्सिडीज सुरू झाला, तो जर्मन, म्हणजे मिलिमीटरचा.

१९४८ मध्ये एसटी सुरू झाली तेव्हाच्या ताफ्यात शेव्हर्ले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, आल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा जातींच्या गाड्या होत्या. त्या काळच्या डेपोतल्या स्टोअरकीपरला माझा मनापासून नमस्कार.

हे झालं कारखान्यातून निघताना. त्यानंतरच्या सत्तर वर्षांत फार्गोला टाटाचा व्हील सिलिंडर (चाकापाशी ब्रेक दाबणारा) लागला, बेडफर्डला अ‍ॅम्बॅसॅडरचा होज पाइप लागला, कुणीतरी लेथवर एक जॉइंट बनवून घेतला. त्यामुळे "गाडी अमेरिकन आहे, म्हणजे आटे इंची असणार" हे गृहीतक पहिल्या चाकापाशीच कोसळू शकतं. प्रत्येक जोड स्वतंत्रपणे तपासायचा. पुढचा डावा एक निघाला म्हणून पुढचा उजवा तसाच असेल असं मानायचं नाही.

तीन घराणी

जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअराने १८४१ मध्ये आट्यांचं पहिलं मोठं प्रमाण मांडलं. त्यात आट्याचा कोन ५५ अंश, शेंडा आणि खाच गोलसर. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा, सपाट शेंड्याचा आटा पुढे आणला. तो कापायला सोपा. मिलिमीटरच्या आट्याचा कोनही ६० अंशच असतो. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एक सामाईक आटा ठरवला. त्याच्या बारीक प्रकाराला आपण यूएनएफ म्हणतो. हा मुख्यतः अमेरिकन पद्धतीवरच बेतलेला होता, त्यामुळे १९४२ च्या लष्करी शेव्हर्लेचा नट आणि आज विकत घेतलेला त्याच मापाचा यूएनएफ नट एकमेकांची जागा घेऊ शकतात. ब्रिटिश गाड्यांत मात्र या कराराच्या आधी बीएसएफ, म्हणजे व्हिटवर्थच्या कोनाचे बारीक आटे असत, आणि पन्नासच्या दशकात हळूहळू यूएनएफ येत गेले. त्या संक्रमणातल्या गाडीत दोन्ही सापडतात.

आता मापं. आपल्याकडचे जुने मिस्त्री सुतात बोलतात, आणि या कामात ते फार सोयीचं पडतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ब्रेकचा नेहमीचा बारीक पाइप दीड सुती, म्हणजे ३/१६ इंच, म्हणजे ४.७६ मिमी. त्याहून जाड दोन सुती, म्हणजे १/४ इंच किंवा ६.३५ मिमी. जड ट्रकच्या मुख्य लाइनला अडीच सुतीही, म्हणजे ५/१६ इंची पाइप दिसतो.

अमेरिकन पद्धतीत दीड सुती पाइपला ३/८ इंची नट येतो, त्याला इंचाला २४ आटे. दोन सुतीला ७/१६ इंची, त्यालाही २४ आटे. अडीच सुतीला १/२ इंची, २० आटे. या नटांचा षटकोन सहसा आट्याच्या व्यासाइतकाच असतो: ३/८ च्या नटाला ३/८ चा पाना, ७/१६ ला ७/१६ चा. पाना लावताच हा पहिला इशारा मिळतो.

मिलिमीटरच्या गाड्यांत दीड सुती पाइपला नट येतो एम १० × १, म्हणजे १० मिमी व्यास आणि दर मिलिमीटरला एक आटा. जाड पाइपला एम १२ × १. षटकोन युरोपियन असेल तर बहुधा ११ मिमीचा, जपानी असेल तर १० चा. पाइप दोन्हीकडे तोच ४.७५ मिमीचा, हे ध्यानात ठेवा. पाइप मोजून नट ठरवता येत नाही. शिवाय अमेरिकेत पुढे एकाच दीड सुती पाइपवर ७/१६ किंवा १/२ इंची नटही येऊ लागले, म्हणजे दुहेरी मास्टर सिलिंडरचे (पॅडल दाबलं की तेलाला दाब देणाऱ्या सिलिंडरचे) दोन पाइप अदलाबदल होऊ नयेत. जुन्या ट्रकला नंतर कुणी असा मास्टर सिलिंडर लावला असेल तर तिथे हे दिसेल.

ब्रिटिश यूएनएफमध्ये दीड सुतीला ३/८ इंच २४ आटे, म्हणजे अमेरिकनच माप; पण षटकोन बहुतेक वेळा ७/१६ चा. आणि ७/१६ म्हणजे ११.११ मिमी, त्यामुळे त्यावर ११ चा पाना जवळजवळ बसतो. तेवढ्यावरून "हा मेट्रिक आहे" असं ठरवून मोकळे होणारे कमी नाहीत. जुन्या बीएसएफमध्ये ३/८ ला इंचाला २० आटे आणि ७/१६ ला १८.

आटे धरतात, तोंड सील करतं

इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेकांचा समज उलटा असतो. नटाचे आटे तेल अडवत नाहीत. ब्रेकच्या नटाचं काम एकच: पाइपचं फुलवलेलं तोंड समोरच्या बैठकीवर दाबून धरणं. तेल अडतं ते पाइपचं तोंड आणि बैठक जिथे भिडतात तिथे, धातूवर धातू. म्हणून या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळण्याला काहीच अर्थ नाही. टेप लावून गळती थांबली असेल तर तोंड नीट बसलेलं नाही आणि तुम्ही फक्त बातमी दडपली आहे. वर टेपचे तुकडे आत जाऊन मास्टर सिलिंडरच्या बारीक भोकात अडकतात, ते वेगळंच.

मग नट बरोबर असून तोंड चुकीचं असेल तर? गळणार. किती आवळलात तरी गळणार, आणि जास्त आवळलात तर बैठकच खराब होणार. तोंडाचे मुख्य प्रकार दोन.

अमेरिकन पद्धतीत पाइपचं तोंड ४५ अंशांत नरसाळ्यासारखं उघडलेलं असतं, आणि त्याची कड आत दुमडून दुहेरी केलेली असते. समोरच्या भोकात तळाशी बाहेर आलेला शंकू असतो, तो या नरसाळ्यात शिरतो. नटाचं टोक आतून उतरतं केलेलं असतं, म्हणजे ते नरसाळ्याच्या पाठीवर बरोबर टेकतं. याला डबल फ्लेअर म्हणतात. एकेरी फुलवणं स्टीलच्या ब्रेक पाइपला चालत नाही. कडेला चीर जाते.

युरोपियन पद्धतीत, ज्याला बाजारात बबल फ्लेअर म्हणतात, पाइपचं टोक आत न उघडता बाहेर गोल फुगवलेलं असतं. समोरच्या भोकाच्या तळाला खोलगट बैठक असते आणि तो फुगवटा तिच्यात जाऊन बसतो. नटाचं टोक सपाट. जुन्या ब्रिटिश गाड्यांत दोन्ही प्रकार आढळतात, कधीकधी एकाच पाइपच्या दोन टोकांना.

म्हणून भोकात टॉर्च मारून बघा. तळाशी शंकू वर आलेला दिसतो का, की खड्डा दिसतो? शंकू असेल तर डबल, खड्डा असेल तर बबल. भोकात काळा गाळ साचलेला असतो. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसल्याशिवाय अंदाज करू नका. एवढी एक पाहणी तुम्हाला नटाच्या देशापर्यंत निम्म्या वाटेवर नेते.

मोजायचं कसं

आधी धुवा. रॉकेलमध्ये रात्रभर ठेवा, पितळी ब्रशने आटे घासा. गंजाच्या थरावर घेतलेलं माप निरुपयोगी.

व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकती पट्टी, चाळीस वर्षांचा असला तरी चालेल, पण शून्यावर शून्य दाखवणारा हवा. बाहेरच्या आट्याचं माप नेहमी कागदावरच्या आकड्याहून थोडं कमी येतं, कारण शेंडे जरा खाली असतात. ३/८ म्हणजे ९.५२ मिमी, पण हातात येतात ९.४ ते ९.५. एम १० ला ९.८ ते ९.९५. ७/१६ म्हणजे ११.११, हातात ११ च्या अलीकडे-पलीकडे. एम १२ ला ११.८ ते ११.९५. १/२ इंच म्हणजे १२.७, हातात १२.५ ते १२.६५. या आकड्यांमध्ये पुरेसं अंतर आहे, त्यामुळे व्यासावरून इंच की मिलिमीटर हे बहुतेक वेळा कळतं.

कळत नाही ते ३/८ यूएनएफ आणि ३/८ बीएसएफ यांतलं. व्यास एकच. तिथे थ्रेड गेज लागतो. ही पानांची जुडी स्वस्त मिळते, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला तर ढिगाने. पण घेताना बघा: अशा जुडीत सहसा एक बाजू मेट्रिकची, ६० अंशांची, आणि दुसरी व्हिटवर्थची, ५५ अंशांची असते. यूएनएफच्या २४ आट्यांवर व्हिटवर्थचं २४ चं पान धरलं तर अंतर जुळतं, पण कोन जुळत नाही. दिव्याकडे धरून बघितलं की पान आणि आटा यांच्यामध्ये उजेडाची रेघ दिसते. तो उजेड दोष नाही, माहिती आहे: अंतर २४ चं, कोन ६० चा, म्हणजे यूएनएफ.

गेज नसेल तर नवा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, घ्या. ज्या मापाचा संशय आहे त्या मापाचा टॅप नटाच्या आट्यांवर आडवा टेकवा. दोघांचे दात पूर्ण लांबीभर एकमेकांत बसले तर अंतर तेच. दुसऱ्या-तिसऱ्या दातापासून टॅप उचलला जायला लागला तर वेगळं. ही युक्ती कुठल्याही टर्नरला माहीत असते आणि ती गेजपेक्षाही भरवशाची वाटते मला, कारण टॅप लांब असतो. पट्टीने मोजायला गेलात तर मात्र फसाल: २४ आटे प्रति इंच म्हणजे दर आट्याला १.०५८ मिमी, आणि मेट्रिक म्हणजे १.००. नटावर जेमतेम आठ-नऊ आटे असतात, त्यांच्यावर हा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत येतो.

आतल्या आट्याचं, म्हणजे भोकाचं काय? तिथे भोकाचा आतला व्यास मोजा. ३/८ यूएनएफच्या भोकाचा व्यास ८.४ ते ८.६ च्या दरम्यान येतो, एम १० × १ चा ८.९ ते ९.१. व्हर्नियरचे वरचे चोचीसारखे जबडे आत जात नसतील तर ड्रिल बिट घ्या: साडेआठचं दांडकं अडखळत किंवा जेमतेम जातं आणि नऊचं जात नाही, तर ३/८. पावणेनऊचं सैल जातं, तर मेट्रिक.

सगळ्यात फसवी जोडी

वरच्या आकड्यांवरून एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. ३/८ चा नट बाहेरून साडेनऊ, आणि एम १० चं भोक आतून नऊ. म्हणजे ३/८ चा नट एम १० च्या भोकात सहज शिरतो. आट्यांमधलं अंतरही जवळजवळ सारखंच, त्यामुळे तो बोटांनी गोल गोल फिरत थेट तळापर्यंत जातो. मिस्त्री खूश: "साहेब, बसतंय की!" पाना लावला की आवळतोही.

आत काय झालेलं असतं ते बघा. नटाचे आटे भोकाच्या आट्यांत जेवढे खोल रुतायला हवेत त्याच्या निम्म्याहून कमी रुतलेले असतात. शेंड्यांनी शेंडे धरलेत. त्यात दर आट्याला थोडा फरक साठत जातो, त्यामुळे सगळा भार दोन-तीन आट्यांवर येतो. जोरात ब्रेक दाबला की लाइनमधला दाब दर चौरस इंचाला हजार पौंडांच्या घरात जाऊ शकतो. हे दोन-तीन अर्धे आटे तो किती वेळा सोसतील? एकदा नक्की. कदाचित पन्नास वेळा.

ओळखायची खूण एकच: बोटांनी अर्धा आत गेल्यावर नट बाजूला हलवून बघा. बरोबर नट हलत नाही. चुकीचा खुळखुळतो. उलट बाजूने फसायची भीती कमी, कारण एम १० चा नट ३/८ च्या भोकात सुरूच होत नाही. पण पाना लांब असेल आणि हात तापट असेल तर तोही चढवला जातो आणि भोकाचे आटे संपतात.

दुसरी जोडी ७/१६ ची. ब्रेक नटाला इंचाला २४ आटे, पण त्याच व्यासाचा सर्वसाधारण यूएनएफ २० आट्यांचा असतो. ब्रिटिश दोन सुती पाइपला, काही बॅन्जो बोल्टना (ज्यांच्यातून तेल जातं अशा पोकळ बोल्टना) आणि डिझेल, ऑइल यांच्या जोडांना हाच २० चा येतो. दुकानात "७/१६ फाइन" मागितलंत तर २० चाच हातात पडेल. तो २४ च्या भोकात दोन-अडीच फेरे जातो आणि घट्ट होतो. दोन फेऱ्यांत घट्ट झालेला ब्रेक नट कधीही पान्याने पुढे रेटू नका. बरोबर असता तर तो बोटांनी तळाला गेला असता.

हवा काढायच्या निपललाही हेच लागू. अमेरिकन निपल १/४ इंच २८ आट्यांचे, ५/१६ इंच २४ चे किंवा ३/८ इंच २४ चे असतात. मेट्रिकमध्ये एम ८ × १.२५ आणि एम १० × १ नेहमीचे. आता ५/१६ म्हणजे ७.९४ मिमी आणि एम ८ म्हणजे ८. व्यासावरून सांगता येणार नाही. आट्यांचं अंतर बघावंच लागेल.

पाइपचे आटे, म्हणजे वेगळीच जात

ट्रकमध्ये काही जागा अशा आहेत जिथे आटेच सील करतात. ब्रेक लाइटचा दाबावर चालणारा स्विच ही नेहमीची. जुन्या अमेरिकन ट्रकमध्ये तो १/८ एनपीटीचा, म्हणजे अमेरिकन पाइपच्या आट्यांचा असतो: इंचाला २७ आटे, आणि ते टोकाकडे निमुळते. नाव १/८ असलं तरी बाहेरचा व्यास सव्वादहा मिलिमीटरच्या आसपास भरतो, कारण हे नाव आतल्या नळीवरून पडलेलं. व्हॅक्यूम बूस्टरच्या जोडांवरही हे आटे दिसतात.

आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात ते बीएसपी, ब्रिटिश वळणाचे. भारतीय मानक आयएस ५५४ त्याच पद्धतीवर आहे. १/८ बीएसपीला इंचाला २८ आटे, कोन ५५. सत्तावीस आणि अठ्ठावीस. तीन फेरे छान जातो, मग गळतो. प्लंबिंगच्या दुकानातला जॉइंट ब्रेकच्या लाइनमध्ये आणायचाच नाही, हा नियम केलात तर हा सगळा परिच्छेद विसरलात तरी चालेल. निमुळत्या आट्यांवर ब्रेक ऑइलला टिकणारा सीलंट लावता येतो, पहिला आटा कोरडा सोडून.

बॅन्जो बोल्टचं सोपं आहे. तिथे दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर सील करतात; वॉशर दर वेळी नवे घ्या.

दोन देश, एक पाइप

समजा, शेव्हर्लेच्या मागच्या हाउसिंगवरच्या टी-जॉइंटमधून पाइप निघतो आणि उजव्या व्हील सिलिंडरला जातो. टीच्या बाजूचा नट ९.४५ भरला, २४ चं अंतर जुळलं, भोकात शंकू दिसला. म्हणजे ३/८ यूएनएफ, डबल फ्लेअर, जसा असायला हवा तसा. सिलिंडरच्या बाजूचा नट ९.९ भरला, षटकोन ११, भोकात खड्डा. म्हणजे एम १० × १, बबल; कुणीतरी कधीतरी दुसऱ्या गाडीचा सिलिंडर बसवला आहे.

इथे लोक टॅप हातात घेतात. टीमध्ये एम १० चा टॅप फिरवायचा आणि दोन्हीकडे एकच नट लावायचा. तसं केलं की टीमधले जुने आटे अर्धे खरवडले जातात, नवे अर्धेच पडतात, आणि तळाचा शंकू बबलला चालत नाही तो नाहीच. लेथवर अ‍ॅडॅप्टर बनवून घेणं हा दुसरा लाडका मार्ग. त्यात दोन नवे जोड आणि दोन नव्या बैठका वाढतात, ज्यांची घासाई कुणी तपासलेली नसते.

सरळ उपाय असा की पाइपच्या दोन टोकांना दोन वेगळे नट घालायचे आणि दोन वेगळी तोंडं करायची. एका टोकाला ३/८ आणि डबल, दुसऱ्याला एम १० आणि बबल. पाइप एकच, त्याला काही फरक पडत नाही. फुलवायच्या चांगल्या संचात दोन्हीचे साचे असतात. नट आधी पाइपवर ओवायचे, मग तोंड फुलवायचं. हे लिहायची गरज नसावी, पण आहे.

पाइप तांबे-निकेल मिश्रधातूचा घ्या किंवा ब्रेकसाठीचा दुपदरी स्टीलचा. शुद्ध तांब्याचा पाइप दिसायला झकास आणि वळायला सोपा, पण तो हादऱ्यांनी कडक होत जातो आणि तडकतो. फ्रीजवाल्याकडचा तांब्याचा पाइप ब्रेकला लावलेले ट्रक मी पाहिलेत, आणि ते पाहून त्यांच्या पुढून न चालणं पसंत केलंय.

सोडवताना

नट पाइपवर गंजून बसलेला असेल तर पाइप नटालगत कापा आणि षटकोनी सॉकेट लावा. पाइप तर बदलायचाच आहे. भोकाचे आटे वाचवणं जास्त मोलाचं. उघड्या तोंडाचा पाना या मऊ नटांचे कोपरे गोल करतो, फ्लेअर नटचा कापलेला रिंग पाना हवा. निघालेला प्रत्येक नट फेकू नका, दोरीत ओवून चिठ्ठी लावा: जागा, व्यास, आटे, तोंड. पुढच्या खरेदीला तेच नमुने होतात. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाउसला "फार्गोचा नट" मागण्यापेक्षा "तीन सुती, चोवीस आटे, डबल फ्लेअर, दीड सुती पाइपचा" असं मागा. दुकानदाराचा चेहरा बदलतो.

चाक उतरवताना एक सावधगिरी. जुन्या डॉज-फार्गोच्या आणि विलीज जीपच्या डाव्या चाकांच्या नटांना अनेकदा उलटे आटे असतात. स्टडच्या टोकावर इंग्रजी एल कोरलेला दिसला तर सोडवायचं उलट दिशेने. हे न बघता लांब पाइप लावून जोर केला की स्टड तुटतो आणि ब्रेकचं काम राहतं बाजूला.

सगळं जोडून हवा काढली की पॅडल जोराने दाबून मिनिटभर धरायला कुणाला तरी बसवा आणि प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवा. ओलावा दिसला तर आणखी आवळू नका. नट पाव फेरा सैल करा, पुन्हा आवळा. नवं तोंड कधीकधी दुसऱ्या खेपेला बैठकीवर नीट बसतं. दोनदा करूनही ओलच असेल तर पाइप काढा आणि तोंड बघा. बैठकीचा ठसा गोल आणि सलग उमटलेला हवा. एका बाजूलाच उमटला असेल तर पाइप वाकडा शिरतोय, त्याचं वळण सुधारा. ठसा अजिबात नसेल तर नट तळाला टेकण्याआधीच आट्यांत अडकलाय, आणि मग व्हर्नियर पुन्हा बाहेर काढावा लागेल.